मला जायचंच नाही, असं म्हटलं तर काय चुकलं?

पत्र :

मी 77 वर्षांची, निवृत्त भूगोल शिक्षिका. साताऱ्यात मुलगा, सून आणि नववीतल्या नातवाबरोबर राहते. हे सहा वर्षांपूर्वी गेले. साखर आहे पण आटोक्यात, गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. अंगणात पर्जन्यमापक ठेवलाय. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजते आणि वहीत मांडते.

परवा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात बोलता बोलता मरणाचा विषय निघाला. सगळ्या म्हणाल्या, आता पुरे, देवानं न्यावं. मी म्हटलं, मला तर कधीच जायचं नाही. सगळ्या गप्प झाल्या. एक म्हणाली, "या वयात एवढी हाव बरी नव्हे." तेव्हापासून मन खात आहे. नातू म्हणतो, शास्त्रज्ञ म्हातारपण थांबवणार आहेत, आजी तू तेवढी टिकून राहा. त्याच्या हट्टापायी मुलाने वय रोखणाऱ्या गोळ्यांची एक बाटलीही ऑनलाइन मागवली. सून एवढंच म्हणाली, "आई, कायमचं जगून कंटाळा नाही का येणार?"

1986 साली शाळेच्या मुलींना पहाटे अजिंक्यताऱ्यावर नेऊन हॅलेचा धूमकेतू दाखवला होता. तो 2061 साली पुन्हा येईल. मला तो बघायचाय, आणि त्यानंतरचा 2134 चासुद्धा. ही हाव आहे का? आणि समजा कुणी खरंच अमरपण देऊ केलं, तर ते घ्यावं का?

— एक आजी, सातारा

उत्तर :

आदरणीय बाई,

शिक्षिकेला बाईच म्हणायची सवय आहे, म्हणून तसंच लिहिते. तुमचे प्रश्न दोन आहेत आणि माझ्या मते त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. पहिलं आधी सांगते, कारण तो शब्द तुम्हाला लागलाय. नाही, ही हाव नाही. दुसऱ्याच्या ताटातलं आपल्याकडे ओढलं तर ती हाव. तुम्ही धूमकेतू पाहिल्याने कुणाचा धूमकेतू कमी होत नाही. काल किती मिलिमीटर पडला हे जाणून घ्यायची उत्सुकता 77 व्या वर्षीही सकाळी साडेआठला माणसाला अंगणात आणते, याचा तुम्हाला अभिमान वाटायला हवा.

मैत्रिणींवर मात्र रागावू नका. "देवानं न्यावं" म्हणणाऱ्या किती जणींना खरंच जायचं असतं? त्यांच्याही पर्समध्ये बीपीची गोळी असते, मोतीबिंदूची तारीख त्यांनीही घेतलेली असते, नातीच्या लग्नापर्यंत राहायचंच असतं. त्या वाक्याच्या पोटात बहुतेक वेळा भीती असते ती अंथरुणाला खिळण्याची, दुसऱ्याने कूस बदलून द्यावी लागण्याची, मुलांना जड होण्याची. "हातीपायी धड असताना जावं" हे त्या वाक्याचं खरं रूप. पुढच्या वेळी संघात विचारून बघा, "तब्येत आजच्यासारखीच राहणार असेल तर किती वर्षं हवीत?" मला वाटतं, बोलणं वेगळ्याच वळणाला लागेल.

आणखी एक गोष्ट इथे बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 80 वर्षांचे एखादे गृहस्थ सत्कारात म्हणाले की मला शंभरी गाठायचीय, तर टाळ्या पडतात. आपण त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करतो, शतायुषी व्हा म्हणतो. तेच नवरा गेलेल्या बाईने म्हटलं की आसपासचे चेहरे बदलतात. तिने आता मन आवरतं घ्यावं, हवं-नको कमी करावं, अशी मूक अपेक्षा असते. जिथे सवाष्ण जाणं हेच भाग्य मानत आले, तिथे मागे राहिलेल्या बाईचं जगणं अनेकांना उरलंसुरलं वाटतं. तुमचं जगणं तसं नाही. तुम्हाला हाव म्हणणाऱ्या मैत्रिणीनेही हे कुणाकडून तरी ऐकलेलंच असणार, आणि कदाचित स्वतःलाही ती हेच सांगत असेल.

"मरण हा निसर्गाचा नियमच आहे," असंही तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्यावर तुम्ही वर्गात सांगितली असती तशी गोष्ट सांगा. देवीचा रोग एके काळी असाच नियम मानला जायचा. घराघरात मुलं जायची, वाचली ती चेहऱ्यावर वण घेऊन. 1802 साली मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली आणि 1975 नंतर आपल्या देशात देवीचा रुग्ण सापडला नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होतं, आज ते सत्तरीच्या घरात आहे. त्यातला मोठा वाटा लहान मुलं वाचली याचा आहे. म्हातारपण तरी सगळ्या सजीवांना सारखं कुठे आहे? डबक्यात सापडणारा हायड्रा प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं सांभाळला, तरी त्याच्यात म्हातारपणाची लक्षणं दिसली नाहीत. तेव्हा निसर्गाचं नाव सांगून तुम्हाला कुणी गप्प करू नये.

पण नातवाला जितकी खात्री आहे तितकी शास्त्रज्ञांना नाही. 1825 मध्ये बेंजामिन गॉम्पर्ट्झ नावाच्या इंग्रज विमागणितज्ञाने दाखवून दिलं की प्रौढ वयात मृत्यूची शक्यता ठरावीक वेगाने वाढत जाते. ती साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. गेल्या दोनशे वर्षांत आपण बालमृत्यू कमी केले, साथी आटोक्यात आणल्या, हृदयविकारावर औषधं काढली, तरी हा दुपटीचा वेग फारसा हललेला नाही. आजवर सगळ्यात जास्त जगल्याची नोंद फ्रान्समधल्या झान काल्मां यांच्या नावावर आहे. 1997 मध्ये त्या गेल्या तेव्हा 122 वर्षांच्या होत्या आणि अखेरच्या काळात त्यांना धड दिसत नव्हतं, धड ऐकूही येत नव्हतं. 2061 साली तुम्ही 110 च्या पुढे असाल. शक्यता फार थोडी आहे, हे तुम्हाला गोड बोलून लपवणार नाही. शून्य मात्र नाही.

त्या बाटलीबद्दल. आज बाजारात अशी एकही गोळी नाही, जिने म्हातारपण रोखून माणसाचं आयुष्य वाढतं असं सिद्ध झालंय. रॅपामायसिन या औषधाने उंदीर जास्त जगले, हे 2009 मध्ये दिसलं. तेच औषध मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात, म्हणजे ते काही टॉनिक नव्हे. तुमच्या बाटलीत काय आहे ते मला माहीत नाही. पण तुमची साखरेची औषधं चालू आहेत, म्हणून ती न उघडता डॉक्टरांकडे न्या आणि त्यांनी नको म्हटलं तर परत करून टाका. मुलाने प्रेमाने मागवली म्हणून घ्यायला हवी, असं काही नाही.

आता दुसरा प्रश्न. कुणी खरंच अमरपण देऊ केलं तर?

सूनबाईंचा कंटाळ्याचा मुद्दा मला फारसा पटत नाही. चांगदेवांची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. चौदाशे वर्षं योगबळाने मरण चुकवलं, आणि ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना, म्हणून कोराच कागद पाठवला. तो बघून मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. एवढं सांगून लोक थांबतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच चांगदेवांनी चौदाशेव्या वर्षी त्या लहानग्या मुलीला गुरू केलं. एवढं आयुष्य काढलेल्या माणसाला नवीन शिकावंसं वाटलं, अहंकार सोडता आला. कंटाळा वर्षांच्या संख्येने येत नाही, बाई. पस्तिशीतली माणसं कंटाळलेली दिसतात आणि तुम्ही रोज पाऊस मोजता.

माझी हरकत वेगळ्या जागी आहे. आधी थोडा हिशेब करू. समजा असं औषध निघालं की माणूस तिशीतल्या तब्येतीवर थांबला. तरी रस्त्यावरचे ट्रक थांबत नाहीत, पूर आणि नवे विषाणू थांबत नाहीत. धरून चालू की अशा जगात दर हजारी एक माणूस वर्षाला या ना त्या कारणाने जातो. मग सुमारे 700 वर्षांत निम्मी माणसं गेलेली असतील आणि 4000 वर्षांत शंभरातली दोनच उरतील. म्हणजे विज्ञानाने कितीही मजल मारली तरी हाती येईल ते लांब आयुष्य, आणि त्याचाही शेवट बहुधा अपघाताने. मला तर वाटतं, अशी माणसं फार भित्री होतील. गमवायला सातशे वर्षं असताना कुठले पालक आपल्या मुलीला अंधारात गड चढायला पाठवतील?

आणि ज्यात मरण खरोखरच नाही, असं अमरपण आपल्याकडे कुणाला मिळालं ते बघा. सात चिरंजीवांपैकी अश्वत्थाम्याला ते शिक्षा म्हणून मिळालं. झोपेतल्या पोरांना मारलं, गर्भावर अस्त्र सोडलं, म्हणून कपाळावरचा मणी काढून घेतला आणि भळभळत्या जखमेनिशी एकट्याने भटकत राहा असं सांगितलं. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यात अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीत सातपुड्यातले आदिवासी हजारोंनी तो उभा डोंगर चढून त्याच्या दर्शनाला जातात. त्या भागात आणि नर्मदेकाठी लोक अजून सांगतात की तो जखमेवर घालायला तेल मागत फिरतो. आपल्या पूर्वजांना कठोरातली कठोर शिक्षा द्यायची होती तेव्हा त्यांनी मृत्युदंड दिला नाही, मृत्यू काढून घेतला. हे मला फार विचार करायला लावतं.

त्याच कथेत भीष्मांना मिळालं ते वेगळं होतं. शंतनूने वर दिला की तुला हवं तेव्हाच मरण येईल. तुम्ही जे मागताय ते मला याच्या जवळचं वाटतं. तुम्हाला अनंतकाळ नकोय. पुढचा पावसाळा हवाय, त्याच्या पुढचा हवाय, 2061 हवंय, आणि कधी थांबायचं ते दुसऱ्याने ठरवायला नकोय. यात गैर काही नाही. फक्त भीष्मांनी त्या वराची किंमत काय मोजली तेही बघा. चित्रांगद आणि विचित्रवीर्य हे धाकटे भाऊ डोळ्यांदेखत गेले, मग पंडू गेला. ज्यांना मांडीवर खेळवलं ती मुलं एकमेकांवर शस्त्रं धरून उभी राहिली. वर एकट्याला मिळाला होता, सोबतच्यांना नाही. यजमान गेल्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. 2134 मागताना त्या धूमकेतूकडे बोट दाखवून "ते बघा" असं म्हणायला शेजारी कोण असेल, याचा विचार केलात का?

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनाच अमर करा. इथे मला ताटाची गोष्ट पुन्हा काढावी लागते. आज जगात वर्षाला सुमारे 13 कोटी मुलं जन्मतात आणि सहा कोटींच्या आसपास माणसं जातात. जाणं बंद झालं तर काही पिढ्यांत येणंही जवळजवळ बंद करावं लागेल, नाहीतर पाणी आणि जमीन पुरणार नाही. सातबाऱ्यावर पणजोबांचंच नाव राहील, वारस नोंदीचा फेरफार कधी पडणारच नाही. सत्तेच्या खुर्चीवर बसलेला माणूस वयामुळे कधीच उठणार नाही, आणि इतिहासातल्या कितीतरी जुलमी राजवटी केवळ तो एक माणूस गेला म्हणून सैल झाल्या, हे तुम्ही मुलांना शिकवलं असेल. यातलं काहीही मी एक वेळ सोसेन. पण तुम्ही शाळेतल्या आहात म्हणून विचारते, ज्या गावात पहिलीचा वर्गच भरत नाही तिथे तुम्हाला राहवेल? जून महिना आला, पाऊस पडला, आणि नवं दप्तर घेऊन रडत आईचा पदर धरणारं एकही मूल नाही. पृथ्वी गोल आहे हे पहिल्यांदा ऐकून डोळे विस्फारणारं कुणी नाही, कारण सगळ्यांना सगळं केव्हाच माहीत झालंय. आपण कायमचं राहायचं ठरवलं तर ज्यांच्या ताटातलं ओढलं जातं ती ही मुलं. ती अजून जन्मलेली नसल्यामुळे तक्रारही करू शकत नाहीत. म्हणून कुणी अमरपण देऊ केलं तर मी घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. शंभर काय, एकशेवीस वर्षं जरूर मागा.

ती मिळवण्यासाठी जे हातात आहे ते करा. साखर तुम्ही सांभाळताच. रक्तदाब तेवढ्याच नेमाने बघा. या वयात पडणं सगळ्यात वाईट. खुब्याचं हाड मोडलं की धडधाकट माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. पावसात पर्जन्यमापकापर्यंतची फरशी शेवाळत असणार. ती घासून घ्या, खडबडीत करून घ्या, बाजूला धरायला एक पाइप बसवून घ्या, आणि सकाळी साडेआठला तिथे जाताना पायात घट्ट चप्पल असू द्या. फिजिओथेरपिस्टकडून मांड्यांचे व्यायाम शिकून घ्या, खुर्चीवरून हात न टेकता उठता आलं पाहिजे. कानाला कमी ऐकू येत असेल तर यंत्र लावायला लाजू नका.

एक कागदही करून ठेवा. ज्यांना जगायची इतकी ओढ आहे त्यांनी तर तो आधी करावा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये लिव्हिंग विलला मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते साक्षांकित करायचं. बरं होण्याची आशाच उरली नाही तर कुठले उपचार नकोत, आणि आपण बोलू शकत नसलो तर आपल्या वतीने कुणी ठरवायचं, हे त्यात लिहिता येतं. सोबत मुलाला स्पष्ट सांगा की आशा असेपर्यंत मात्र काही कमी करायचं नाही, वय बघून हात आखडता घ्यायचा नाही. हे तुम्ही सांगितलं नाही तर त्या घाईच्या वेळी तो दोन्ही बाजूंनी गोंधळेल. भीष्मांइतकं नाही, पण थोडंफार आपल्या हातात ठेवायचा आज कायद्याने दिलेला मार्ग हा आहे.

नातवाशी वेगळं बोला. आजोबा गेले तेव्हा तो दुसरी-तिसरीत असेल. "आजी, तू टिकून राहा" यात विज्ञानापेक्षा धास्ती जास्त आहे असं मला वाटतं. त्याला खोटा शब्द देऊ नका. मी जाईन, केव्हा ते माहीत नाही, लवकर जायची माझी मुळीच इच्छा नाही, असं सरळ सांगा. आजोबांचा विषय घरात निघत नसेल तर तुम्हीच काढा. 2061 मध्ये तो पन्नाशीचा असेल. धूमकेतू तेव्हा कुठल्या दिशेला, किती वाजता, किती उंचीवर दिसेल हे दोघांनी मिळून आत्ताच काढून बघा. तेवढं शोधणं नववीच्या मुलाला तुमच्या मदतीने जमेल.

आणि सूनबाई. त्यांचा प्रश्न तुम्ही पत्रात अगदी सहज लिहिलाय, पण मला त्यात तुमच्यापेक्षा त्या स्वतःच जास्त दिसल्या. सासूने कायमचं जगायचं म्हणजे त्यांनी कायमची सून राहायचं. सकाळचा चहा, तुमच्या गोळ्यांच्या वेळा, पथ्याचा वेगळा स्वयंपाक, पाहुणे, मुलाचा अभ्यास, हे सगळं न संपणारं. तुम्हाला कंटाळा येईल का, असं विचारताना त्या आपल्या कंटाळ्याबद्दल तर बोलत नसतील? माझा अंदाज चुकीचा असू शकतो, पण विचारायला काय हरकत आहे? घरात दोघीच असाल अशा एखाद्या दुपारी बसा. तुम्हाला पुढे काय बघायचंय ते सगळं घर ऐकून आहे. आता त्यांना काय करायचं होतं, काय राहून गेलंय, कुठे जायचंय, ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. त्यातलं जे तुमच्यामुळे अडलं असेल, ते याच महिन्यात मोकळं करा. पथ्याच्या भाकऱ्यांना बाई लावता येते, गोळ्यांच्या वेळा नातवाकडे देता येतात, आणि आठ दिवस मुलाने घर सांभाळलं तर सूनबाईंना माहेरी जाता येतं.